सूत, रेशीम आणि पूर्व आशियाचे आधुनिक साहित्य

चीन, जपान आणि कोरिया या तीन देशांच्या आधुनिक साहित्याशी मराठी वाचकाचा जो काही परिचय झाला आहे तो मुख्यतः दोन वाटांनी झाला आहे, आणि या दोन्ही वाटा आदरणीय असल्या तरी त्या साहित्याचा फार मोठा प्रदेश त्यांच्यापासून दूरच राहिला आहे. पहिली वाट बौद्धविद्येची. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील पु. वि. बापट यांनी चिनी भाषांतरात टिकून राहिलेल्या ‘विमुत्तिमग्ग’ या ग्रंथाची पाली ‘विसुद्धिमग्गा’शी तुलना करून १९३७ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांचे सहकारी वा. वि. गोखले यांनीही चिनी आणि तिबेटी या भाषा आत्मसात केल्या. त्यानंतरच्या पिढीतले वसंत परांजपे १९४७ मध्ये पीकिंग विद्यापीठात शिकायला गेले आणि १९५४ साली नेहरू-माओ भेटीत दुभाषे म्हणून उपस्थित राहिले. दुसरी वाट हायकूची, म्हणजे पाच-सात-पाच अशा अक्षरबंधातल्या त्रिपदी जपानी कवितेची. मराठीत शिरीष पै यांनी ती रुजवली, तर गुजरातीत तिला लोकप्रिय केले ते सुरतेच्या दक्षिणेला असलेल्या चिखलीत जन्मलेल्या झीणाभाई देसाई अर्थात ‘स्नेहरश्मी’ यांनी, ज्यांचा ‘सोनेरी चांद रूपेरी सूरज’ हा हायकूसंग्रह १९६७ मध्ये आला. या दोन वाटांना पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंग’ या प्रवासवर्णनाची आणि घराघरांत पोचलेल्या ‘तोत्तोचान’ची जोड दिली, की मराठी मनातला पूर्व आशिया जवळपास पूर्ण होतो: शांत, मितभाषी, निसर्गात रमलेला आणि सौंदर्याच्या बारकाव्यांत बुडालेला.

हे चित्र खोटे नाही, पण ते अपुरे आहे, आणि त्याचा अपुरेपणा सुरतेत उभे राहून पाहिले असता जितका स्पष्ट दिसतो तितका पुण्या-मुंबईत दिसत नाही. सुरत हे कृत्रिम धाग्याच्या कापडाचे देशातले अग्रगण्य केंद्र आहे. या शहरातल्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतून आलेली मराठी आणि अहिराणी बोलणारी वस्ती कित्येक दशकांपासून स्थिरावलेली आहे; उधन्याहून जळगावला जाणारा तापी खोऱ्यातला लोहमार्ग ही तिची नाळ आहे, आणि सुरत महानगरपालिका आजही मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालवते. या वस्तीतले लोक यंत्रमागावर, रंगाई-छपाईच्या कारखान्यांत, भरतकामाच्या यंत्रांवर आणि कापड बाजारात राबतात. त्यांच्या रोजच्या जगण्यात पूर्व आशिया आहेच, फक्त तो पुस्तकांच्या रूपाने नाही. मागांच्या खात्यांत चिनी बनावटीची यंत्रे चालतात, हजिऱ्यात जपानी भांडवलाची भागीदारी असलेला पोलाद कारखाना आहे आणि तेथेच दक्षिण कोरियाच्या तंत्रज्ञानावर आधारलेल्या तोफा जुळवल्या गेल्या, तर मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेचे जपानी तंत्रज्ञानावरचे स्थानक शहराबाहेर अंत्रोळीला उभे राहिले आहे. यंत्र येते, भांडवल येते, धागाही येतो. मात्र ज्या समाजांनी ही यंत्रे घडवली त्यांनी ती घडवताना काय सोसले, आणि ते सोसणे त्यांच्या लेखकांनी कसे लिहून ठेवले, याची वार्ता येत नाही. प्रस्तुत विवेचन ही वार्ता देण्यासाठी आहे, आणि त्याचे प्रतिपादन असे की सूत, रेशीम, माग आणि गिरणी यांच्या बाजूने वाचले तर चिनी, जपानी व कोरियन आधुनिक साहित्य मराठी वाचकाला परके राहत नाही.

या बाजूने वाचण्याला इतिहासाचाही भक्कम आधार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या गिरण्यांचे सूत मोठ्या प्रमाणावर चीनला जात असे. पुढे जपानी सुताने ती बाजारपेठ हिसकावून घेतली. ते जपानी सूत ज्या कापसापासून कातले जात होते त्याचा मोठा वाटा पुन्हा हिंदुस्थानातूनच जात होता. सुरतेच्या शेजारच्या नवसारीत जन्मलेल्या जमशेटजी टाटांच्या सहकार्याने निप्पॉन यूसेन काइशा या जपानी कंपनीने १८९३ मध्ये मुंबई-जपान ही जलवाहतूक सुरू केली, आणि ओसाकाच्या गिरण्यांना हिंदी कापूस पूर्वीपेक्षा स्वस्तात मिळू लागला. १९३३ साली हिंदुस्थान सरकारने ब्रिटिशेतर सुती कापडावरची जकात ७५ टक्क्यांपर्यंत चढवली, तेव्हा जपानी गिरणीमालकांनी हिंदी कापसावर बहिष्कार घातला, आणि पुढच्या वर्षी उभय देशांत तडजोड होईपर्यंत कापूस पिकवणाऱ्या मुलखात त्याची धास्ती होती. खानदेश-वऱ्हाडचा शेतकरी आणि ओसाकाच्या गिरणीत रातपाळी करणारी मुलगी एकमेकांना कधी भेटले नाहीत, परंतु एकाच कापसाने दोघांचेही दैव बांधलेले होते. चिनी कलाकुसर त्याही आधी सुरतेत पोचली होती. तनछोई या रेशमी कापडाची विणकला एकोणिसाव्या शतकात पारशी विणकरांनी चीनमध्ये शिकून सुरतेत आणली, असे परंपरा सांगते.

मूळ साहित्याकडे वळण्यापूर्वी भाषेच्या प्रश्नाचा थोडक्यात उल्लेख करणे आवश्यक आहे, कारण कामगाराला साहित्यात बोलते करण्यापूर्वी साहित्याची भाषाच बोलीजवळ यावी लागली. जपानमध्ये ही चळवळ ‘गेनबुन इच्ची’, म्हणजे बोलणे आणि लिहिणे यांची एकरूपता, या नावाने ओळखली जाते, आणि फुताबातेई शिमेई यांची १८८७ ते १८८९ या काळात आलेली ‘उकिगुमो’ ही कादंबरी तिचे पहिले मोठे फळ होय. चीनमध्ये शेकडो वर्षे चालत आलेल्या अभिजात लेखनभाषेऐवजी ‘बाईहुआ’, म्हणजे लोकांच्या तोंडची सरळ भाषा, वापरावी असा आग्रह हू शी यांनी १९१७ मध्ये धरला, आणि १९१८ साली लू शुन यांनी ‘वेड्याची रोजनिशी’ ही कथा लिहून त्या भाषेत किती खोल आणि भेदक लिहिता येते हे सिद्ध केले. कोरियात पंधराव्या शतकातच राजा सेजोंगने स्वतंत्र लिपी दिली होती, तरी विद्वानांचा कल चिनी लेखनाकडे राहिला. यी क्वांग-सु यांची १९१७ मध्ये वृत्तपत्रातून क्रमशः आलेली ‘मुजंग’ ही पहिली आधुनिक कोरियन कादंबरी मानली जाते, आणि तोवर देश जपानच्या ताब्यात जाऊन सात वर्षे झाली होती. वसाहतीच्या काळात मासिक-वृत्तपत्रांतून वाढलेली कादंबरी हे दृश्य हरिभाऊ आपट्यांच्या वाचकाला ओळखीचे वाटेल.

रेशमापासून सुरुवात केली तर सर्वांत आधी नाव घ्यावे लागते ते माओ दुन यांचे. त्यांचा जन्म १८९६ मध्ये जजियांग प्रांतातल्या वूजन या गावी झाला, जे रेशीम पिकवणाऱ्या मुलखात येते. १९३२ साली त्यांनी लिहिलेली ‘वसंतातले रेशीमकिडे’ ही कथा तोंगबाओ नावाच्या वृद्ध शेतकऱ्याची आहे. कालव्यातून धूर सोडत जाणाऱ्या आगबोटीपासून विलायती अंडीपुंजांपर्यंत जे जे परदेशी त्याचा त्याला तिटकारा आहे, सूनबाईला मात्र ठाऊक आहे की विलायती वाणाच्या कोषांना भाव जास्त मिळतो, आणि यावरून घरात धुसफूस चालते. कथेतला बहुतेक भाग कीटकसंगोपनाच्या प्रत्यक्ष कामाला दिलेला आहे. सून अंड्यांचे कापड छातीशी धरून रात्रभर ऊब देते. म्हातारा लसणाच्या गड्ड्याला चिखल लावून भिंतीपाशी ठेवतो आणि त्याला फुटणाऱ्या कोंबांवरून पिकाचे भविष्य पाहतो. हरहुन्नरी धाकटा मुलगा या सगळ्या पथ्यांना मनातून मानत नाही. अपशकुनी ठरवून वाळीत टाकलेली शेजारीण सूड म्हणून दुसऱ्यांचे किडे पळवून पाण्यात टाकते. किड्यांची भूक वाढत जाते तसा तुतीच्या पाल्याचा भाव वाढत जातो, पाला घेण्यासाठी कर्ज काढावे लागते, घरातल्या कोणाला धड झोप नसते, आणि अखेरीस कोषांचे पीक असे येते की गावात कित्येक वर्षांत आले नव्हते.

आणि नेमके तेव्हाच कोष घेणाऱ्या गिरण्या उघडतच नाहीत. १९३२ च्या जानेवारीत शांघायमध्ये जपानी सैन्याशी लढाई जुंपलेली असते, जागतिक मंदीत रेशमाची मागणी कोसळलेली असते, आणि यातले काहीही तोंगबाओच्या आवाक्यातले नसते. शेवटी होडी करून माल दूर वूशीला न्यावा लागतो, तिथे जेमतेम एकशे अकरा युआन हाती पडतात, आणि हिशेब केला तर तुतीची जमीन गेलेली असते व डोक्यावर आणखी तीस युआनांचे कर्ज चढलेले असते. उत्तम पीक हेच बुडण्याचे कारण ठरावे, ही या कथेची रचना आहे आणि तीच तिची थोरवी. लेखक कोणाच्या तोंडी भाषण घालत नाही, फक्त भाव, व्याज आणि बाजारपेठ यांचे गणित घडत जाताना दाखवतो. महाराष्ट्रात या कथेचा खरा वाचक मराठवाड्यात आहे. बीड-जालन्याकडच्या तुती लागवड करणाऱ्या शेतकऱ्यांना अंडीपुंज, चॉकी म्हणजे बालकीटकांचे संगोपन, कीटकांची कात टाकण्याची निद्रा आणि कोष विणण्यासाठी वापरायची चंद्रिका या सगळ्याची नुसती माहिती नाही, तर त्यांचे वर्षाचे वेळापत्रकच त्यावर चालते. आणि २०१८ मध्ये जालन्यात कोष बाजारपेठ सुरू होईपर्यंत विक्रीसाठी त्यांनाही कर्नाटकातल्या रामनगरपर्यंत माल न्यावा लागत असे. तोंगबाओची होडी वूशीला का जाते हे त्यांना तळटीप देऊन सांगावे लागणार नाही.

माओ दुन यांनी या साखळीचे दुसरे टोकही रंगवले. १९३३ मध्ये आलेल्या ‘मध्यरात्र’ या त्यांच्या कादंबरीचा नायक वू सुन्फू हा शांघायमधल्या रेशीम गिरणीचा मालक आहे, जो स्वदेशी उद्योग उभा करण्याची स्वप्ने पाहतो, कामगारांची मजुरी कापतो, संपाला तोंड देतो आणि रोख्यांच्या सट्ट्यात परदेशी भांडवलाचा हस्तक असलेल्या प्रतिस्पर्ध्याकडून धुळीला मिळतो. सट्ट्याची भाषा, बाजारातल्या अफवा आणि चहापानाच्या बैठकीत ठरणारे सौदे यांच्याशी सुरतेच्या रिंग रोडवरच्या व्यापाऱ्यांचा रोजचा संबंध असल्यामुळे त्यांना ही कादंबरी मराठी प्राध्यापकांपेक्षा लवकर कळेल असे म्हटले तर वावगे होणार नाही. कथा आणि कादंबरी जोडून वाचल्या की शेतकरी बुडतो आणि त्याच वेळी गिरणीमालकही बुडतो, हे माओ दुन यांना एका दमात सांगायचे होते हे लक्षात येते.

गिरणीच्या आत नेतात ते शिया यान. त्यांनी ‘बाओगाओ वेनशुए’ म्हणजे वार्तासाहित्य या प्रकारात १९३६ मध्ये लिहिलेला ‘बाओशनगोंग’ हा लेख चिनी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. वार्तासाहित्य म्हणजे प्रत्यक्ष पाहून, चौकशी करून मिळवलेली माहिती कथेच्या सामर्थ्याने मांडणारा लेखनप्रकार. शांघायच्या जपानी मालकीच्या कापड गिरणीत खेड्यांतून आणलेल्या मुलींना आईबापांकडून तीन वर्षांच्या करारावर वीस युआनांना ‘उचलले’ जाई, त्यांची मजुरी ठेकेदाराच्या खिशात जाई, आणि एका खोलीत दाटीवाटीने निजणाऱ्या या मुलींना पहाटे चार वाजल्यापासून हाकलून उठवले जाई. त्यांतल्या एकीचे हातपाय इतके वाळलेले की सगळे तिला बोरूची काडी म्हणत. तापाने फणफणलेली असतानाही तिला कामाला जुंपले गेल्याचा प्रसंग शिया यान यांनी कोणतेही विशेषण न वापरता लिहिला आहे. इथे मराठी वाचकाला उचल हा शब्द समजावून द्यावा लागत नाही. धुळे-नंदुरबारच्या आदिवासी आणि शेतमजूर कुटुंबांना आगाऊ उचल देऊन मुकादम दरवर्षी दक्षिण गुजरातेतल्या साखर कारखान्यांच्या ऊसतोडीसाठी आणतात, आणि डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी सुरत-बारडोलीच्या परिसरातील या स्थलांतरित मजुरांचा अभ्यास कित्येक दशके केला. त्यांच्या ग्रंथांतून जी यंत्रणा आकड्यांनी आणि मुलाखतींनी उलगडते, तिचाच एक आधीचा, दुसऱ्या देशातला अवतार शिया यान यांच्या लेखात एका मुलीच्या देहावर उमटलेला दिसतो.

शिया यान स्वतः जपानमध्ये शिकले होते. जपानी सूतगिरण्यांविषयीचे सर्वांत महत्त्वाचे पुस्तक मात्र कुणा व्यावसायिक साहित्यिकाने लिहिलेले नाही. होसोई वाकिझो हे क्योतो प्रांतातल्या रेशीम विणणाऱ्या मुलखात १८९७ मध्ये जन्मले, लहानपणीच मागावर लागले, गिरण्यांतून काम करत वाढले आणि स्वतःच्या व सहकाऱ्यांच्या अनुभवांवरून त्यांनी ‘जोको आइशी’ म्हणजे गिरणीतल्या मुलींचा दुःखद इतिहास हा ग्रंथ लिहिला. लिहिण्याच्या काळात घर चालले ते मुख्यतः पत्नीच्या गिरणीतल्या मजुरीवर. १९२५ च्या जुलैमध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच महिन्यात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, होसोई वारले. मुलींची भरती करणारे दलाल खेड्यात काय आमिषे दाखवत, वसतिगृहाचे दरवाजे कसे बंद ठेवले जात, पत्रे कशी तपासली जात, दंड कशाकशासाठी होत, याचा त्यांनी बारकाईने हिशेब मांडला. आणि त्याबरोबरच, हा त्या पुस्तकाचा अनमोल भाग आहे, मुली काम करताना आणि वसतिगृहात जी गाणी गात ती त्यांनी उतरवून ठेवली. त्या गाण्यांत गिरणीला तुरुंग म्हटलेले आहे, मुकादमाची टवाळी आहे, गावाकडच्या आईला निरोप आहेत. जात्यावरच्या ओव्यांचे महत्त्व जाणणाऱ्या मराठी समाजाला हे संकलन शेजारचे वाटावे. दळणाऱ्या बाईला ओवीत जे बोलता आले ते तिला घरात बोलता येत नव्हते, आणि कातणाऱ्या मुलीची गाणीही नेमके तेच करतात. फरक एवढाच की तिच्या गाण्याची लय जात्याने नव्हे, चात्यांच्या घरघरीने ठरवलेली आहे.

त्या गिरण्यांच्या वसतिगृहांत दिवसपाळीची मुलगी उठली की तेच अंथरूण रातपाळीची मुलगी घेई. जपानमध्ये स्त्रियांची रातपाळी कायद्याने बंद व्हायला १९२९ साल उजाडावे लागले. सुरतेत यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात, मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर ठरते, आणि ओडिशाच्या गंजम जिल्ह्यातून आलेल्या मागकामगारांच्या ‘मेस’मध्ये एकाच जागेवर पाळीपाळीने दोघे झोपतात. कामगार इथे मुली नसून घरदार मागे ठेवून आलेले पुरुष आहेत, हा भेद लहान नाही. परंतु होसोईंचे पुस्तक शंभर वर्षांपूर्वीचे असूनही सुरतेत ते इतिहास म्हणून वाचता येत नाही, ही गोष्ट नोंदवल्यावाचून पुढे जाता येत नाही.

१९२० आणि १९३० च्या दशकांत पूर्व आशियात श्रमिक साहित्याच्या संघटना उभ्या राहिल्या: कोरियात १९२५ मध्ये ‘काप्फ’ या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा लेखकसंघ, जपानमध्ये १९२८ मध्ये तशीच संघटना, आणि शांघायमध्ये १९३० साली डाव्या लेखकांचा संघ, ज्यात लू शुन, माओ दुन आणि शिया यान हे तिघेही होते. या लेखनातला बराचसा भाग घोषणांच्या ओझ्याखाली दबलेला आहे आणि तो आज वाचवत नाही, हे मान्य केले पाहिजे. कोबायाशी ताकिजी यांची १९२९ मधली ‘कानिकोसेन’ ही खेकडे डबाबंद करणाऱ्या जहाजावरच्या कामगारांची कादंबरिका याला अपवाद आहे. १९३३ च्या फेब्रुवारीत पोलिसांच्या छळात वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी मारल्या गेलेल्या या लेखकाचे पुस्तक २००८ च्या मंदीत जपानी तरुणांनी पुन्हा लाखोंनी विकत घेतले. साता इनेको यांची १९२८ मधली ‘कॅरॅमल कारखान्यातून’ ही छोटी कथा तर त्याहून संयत आहे. शाळा सोडून मिठाईच्या कारखान्यात पाठवल्या गेलेल्या लहान मुलीची ती कथा लेखिकेच्या बालपणातून आली आहे.

कोरियाच्या बाबतीत हा धागा सर्वांत अखंड आहे. मांचुरियात राहून लिहिणाऱ्या कांग क्यंग-ए यांची १९३४ मध्ये ‘तोंग-आ इल्बो’ या वृत्तपत्रात क्रमशः आलेली ‘इनगान मुन्जे’ म्हणजे माणसाचा प्रश्न ही कादंबरी सोनबी या शेतमजुराच्या मुलीची आहे. जमीनदाराच्या घरात तिची अब्रू घेतली जाते, ती गाव सोडून इंचन बंदरातल्या सूतगिरणीत येते, आणि क्षयाने मरते. गावातला अन्याय आणि गिरणीतला अन्याय या दोन वेगळ्या गोष्टी नसून एकाच जमिनीतून उगवलेल्या आहेत, हे कांग यांनी इतक्या आधी, आणि एका स्त्रीच्या बाजूने, ओळखले. मराठीत भा. वि. वरेरकरांनी ‘धावता धोटा’मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांचे जग रंगवले, दोन्ही कृतींना तौलनिक अभ्यासकाची प्रतीक्षा आहे.

चार दशकांनंतर, औद्योगिकीकरणाच्या घोडदौडीत, तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. १३ नोव्हेंबर १९७० रोजी सोलच्या फ्योंगह्वा बाजारातल्या शिवणकारखान्यांत काम करणारे बावीस वर्षांचे जन थे-इल यांनी, पाळला न जाणारा कामगार कायदा जाळून निषेध नोंदवण्याच्या वेळी, स्वतःलाही पेटवून घेतले. त्यांचे चरित्र वकील चो यंग-रे यांनी लिहिले आणि लष्करी राजवटीत ते १९८३ मध्ये लेखकाचे नाव न छापता कोरियात प्रसिद्ध झाले. दरम्यान १९७८ मध्ये चो से-हुई यांचे ‘बुटक्याने वर फेकलेला छोटा चेंडू’ हे एकमेकांत गुंफलेल्या कथांचे पुस्तक आले. शहर सुधारणेच्या नावाखाली घर पाडले गेलेल्या एका ठेंगण्या मजुराचे कुटुंब गिरण्यांच्या शहरात फेकले जाते, आणि मुले कारखान्यांत लागतात. चो यांची वाक्ये तुटक आहेत, काळ मागेपुढे उड्या मारतो, कधी मजूर बोलतो तर कधी गिरणीमालकाचा मुलगा. सेन्सॉरच्या नजरेखाली सत्य सांगण्याची ती एक रीत होती आणि तिने कोरियन गद्याचे रूप पालटले. शिन क्यंग-सुक सोळाव्या वर्षी खेड्यातून सोलला आल्या, दिवसा इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात काम आणि संध्याकाळी कामगार मुलींसाठीच्या वर्गात शिक्षण असे दिवस त्यांनी काढले, आणि त्या काळात हेच पुस्तक वहीत हाताने उतरवून काढले. १९९५ च्या ‘वेतानबांग’ म्हणजे एकाकी खोली या त्यांच्या आत्मपर कादंबरीत हा प्रसंग आहे. दुसऱ्याने लिहिलेले कामगाराचे जीवन कामगार मुलीने अक्षर-अक्षर गिरवावे आणि त्यातून तिचे स्वतःचे लेखन जन्मावे, यापेक्षा साहित्याच्या परंपरेचा स्पष्ट पुरावा सापडणे कठीण.

आजच्या चीनमध्ये ही परंपरा कवितेत जिवंत आहे. सिचुआनमधून २००१ मध्ये तोंगग्वानच्या कारखान्यांत आलेल्या झंग श्याओछ्युंग यांनी लोखंडी सुट्या भागांच्या कारखान्यात काम करत लिहायला सुरुवात केली, आणि २०१२ च्या ‘नुगोंग जी’ या संग्रहात त्यांनी कामगार स्त्रियांवर एकेकीचे नाव घेऊन कविता लिहिल्या, कारण आकडेवारीत आणि हजेरीपटावर त्या फक्त क्रमांक म्हणून उरतात. नारायण सुर्वे यांनी ‘माझे विद्यापीठ’मध्ये मुंबईचा कामगार मराठी कवितेच्या मध्यभागी आणला, जयंत पवारांनी ‘अधांतर’मध्ये १९८२ च्या संपाने उद्ध्वस्त केलेले गिरणगावातले घर रंगभूमीवर उभे केले, पण संपानंतर कापडाचे उत्पादन ज्या भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी आणि सुरत या यंत्रमागांच्या गावांकडे वळले, तिथला मराठी माणूस साहित्यात तितक्या ठळकपणे आलेला नाही. झंग यांच्या कविता मराठीत आणण्याचे काम म्हणूनच केवळ परक्या साहित्याच्या ओळखीपुरते उरत नाही.

भाषांतराविषयी एक गोष्ट आग्रहाने मांडली पाहिजे. पुण्यात जपानी शिकण्या-शिकवण्याची परंपरा मजबूत आहे, त्यामुळे जपानी कृती इंग्रजीच्या मध्यस्थीशिवाय मराठीत येऊ शकतात. चिनी आणि कोरियनबाबत तेवढे बळ अजून नाही, आणि काही काळ इंग्रजीवर अवलंबून राहावे लागेल. पण मूळ भाषा येणे ही अर्धी तयारी आहे. ताणा, बाणा, धोटा, कांडी, तागा, चाती, खाते, पाळी हे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत ते सुरत-मालेगावचे लोक भाषांतराच्या मेजावर नसतील, तर होसोईंची आणि कांग यांची गिरणी मराठीत आल्यावर पुस्तकी होईल. भाषांतरकाराने कच्चा खर्डा उधन्यातल्या एखाद्या जाणत्या मागवाल्याला वाचून दाखवावा, आणि माओ दुन यांची कथा जालन्याच्या तुती उत्पादकाकडून तपासून घ्यावी.

राहिला कावाबाता यासुनारी यांचा प्रश्न, कारण १९६८ चे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या या लेखकाला बाजूला ठेवून जपानी साहित्याविषयी बोलणे अन्यायाचे होईल. कापड त्यांच्याही लेखनात आहे आणि ते फार सुंदर आहे. ‘प्राचीन राजधानी’मध्ये किमोनोच्या घाऊक व्यापाऱ्याच्या घरची चिएको आणि निशिजिनचा विणकर हिदेओ आहेत, तर ‘हिमभूमी’त बर्फाळ मुलखातल्या मुलींनी हिवाळ्यात विणलेल्या आणि बर्फावर उजळलेल्या चिजिमी या तलम कापडाविषयी काही अविस्मरणीय पाने आहेत. शिमामुरा हा नायक ते कापड जुन्या बाजारात शोधतो, अंगावर घालतो आणि विणणाऱ्या अनाम मुलींचा विचार करतो. पण ग्राहक म्हणून, दुरून. कावाबातांनी हे अंतर लपवलेले नाही, उलट शिमामुराच्या अपुरेपणाचा तो एक भाग केला आहे, आणि हे लक्षात येण्यासाठी ती पाने ‘जोको आइशी’ आधी वाचून, मगच वाचायला घ्यावीत.